लँडसॅट ५ च्या जुन्या चित्रांतून आपल्या शिवाराचा बदल कसा मोजायचा

दर उन्हाळ्यात दोन-चार जण तरी नकाशे घेऊन येतात. कुणाचा कॉलेजचा प्रकल्प असतो, कुणाला रावेर-यावलकडची केळी किती वाढली ते दाखवायचं असतं, कुणाला हतनूर धरणाच्या फुगवट्यात गेलेली जमीन मोजायची असते. चित्रं सगळ्यांनी लँडसॅट ५ या अमेरिकी उपग्रहाची घेतलेली असतात, आणि ते बरोबरच आहे. १९८४ ते २०११ या काळाचं, फुकट मिळणारं, शेताच्या आकाराला पुरेल एवढं बारीक दुसरं फारसं काही नाही. पण काढलेले आकडे बहुतेक वेळा चुकलेले असतात. चुका त्याच त्या असतात आणि बऱ्याचशा सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच झालेल्या असतात.

म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. उदाहरण एकच धरलं आहे: रावेर तालुक्यातल्या एखाद्या गावाचं शिवार, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटापासून २०१० च्या आसपासपर्यंत तिथलं उन्हाळी हिरवं क्षेत्र किती बदललं हा प्रश्न. पाण्यासाठी आणि तापमानासाठी काय बदलायचं ते शेवटाकडे थोडक्यात दिलं आहे.

लागेल ते एवढंच: बऱ्यापैकी इंटरनेट, चार-आठ जीबी रॅमचा संगणक, मोफत मिळणारं क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) अर्थ एक्सप्लोरर संकेतस्थळावर उघडलेलं मोफत खातं.

टप्पा १ : उपग्रहाला काय दिसत होतं ते आधी समजून घ्या

हा टप्पा सगळे टाळतात, आणि पुढच्या निम्म्या चुका इथूनच निघतात.

लँडसॅट ५ हा १ मार्च १९८४ रोजी सुटला आणि ५ जून २०१३ रोजी कायमचा बंद केला गेला. आपल्याला हवा तो त्याच्यावरचा थीमॅटिक मॅपर, म्हणजे टीएम हा कॅमेरा. त्याने नोव्हेंबर २०११ मध्येच काम थांबवलं. त्यामुळे "लँडसॅट ५ चं २०१२ चं चित्र सापडत नाही" म्हणून रात्रभर शोधत बसू नका. टीएमचं २०१२ चं चित्र नाहीच. लँडसॅट ८ फेब्रुवारी २०१३ मध्ये सुटला, त्यामुळे मधला उन्हाळा रिकामाच राहतो.

उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरायचा आणि दर १६ दिवसांनी त्याच जागेवर यायचा, सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास. ही वेळ वर्षानुवर्षांत थोडीफार सरकली. सपाट काळ्या रानात त्याने फरक पडत नाही, पण सातपुड्याच्या उतारावर सावल्यांची लांबी बदलते. पालच्या किंवा धडगावच्या डोंगरातलं जंगल मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एका पट्ट्याची रुंदी १८५ किलोमीटर. नवापूरपासून रावेरपर्यंतचं सगळं खान्देश एका चित्रात मावत नाही. शेजारच्या दोन पट्ट्यांची चित्रं वेगवेगळ्या दिवसांची असतात. ती जोडून "जळगाव, धुळे, नंदुरबारचा एकच नकाशा" केला की मधोमध गोधडीसारखी शिवण दिसते, आणि लोक तिलाच पिकाची सीमा समजतात. शक्य असेल तर एकाच चित्रात बसेल एवढाच प्रश्न घ्या. एखादं गाव दोन पट्ट्यांच्या सामाईक भागात पडत असेल, तर त्याला चित्रं जवळपास दुप्पट मिळतात.

आता पिक्सेल, म्हणजे चित्राचा सगळ्यात लहान ठिपका. टीएम प्रकाशाचे सात भाग वेगवेगळे टिपायचा, त्यांना बँड म्हणतात. त्यांपैकी सहा ३० मीटरचे आहेत. ३० गुणिले ३० म्हणजे ९०० चौरस मीटर, आपल्या भाषेत जवळपास नऊ गुंठे. एक एकर म्हणजे साधारण साडेचार पिक्सेल.

मागे चोपड्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पडद्यावर वाकून विचारलं, "भाऊ, यामा मन्हं वावर दिसस का?" वावर पाच एकरांचं. मी कागदावर चौकोन काढून दाखवला. पाच एकर म्हणजे २२ पिक्सेल, अंदाजे पावणेपाच गुणिले पावणेपाच. त्यातले पूर्णपणे त्यांच्याच बांधाच्या आत बसणारे नऊ ते सोळा. बाकीच्यांत बांध आला, शेजाऱ्याचा कपाशीचा तास आला, गाडरस्ता आला. वावर दिसतं, पण कडा पुसट दिसतात.

सावध : बांधाच्या भांडणात हे चित्र घेऊन जाऊ नका. नऊ गुंठ्यांच्या ठिपक्याने हद्द ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणी आहे.

सात बँड असे:

- बँड १ निळा, बँड २ हिरवा, बँड ३ लाल
- बँड ४ निकट अवरक्त (हिरव्या पानाला इथे जोर असतो)
- बँड ५ आणि बँड ७ लघुतरंग अवरक्त (ओलावा, उघडी माती, जळालेलं रान)
- बँड ६ औष्णिक, मूळ पिक्सेल १२० मीटरचा

ही यादी कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा. का ते टप्पा ५ मध्ये कळेल.

टप्पा २ : प्रश्न आणि महिना ठरवा, मगच चित्र शोधा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी "स्वच्छ" चित्र उतरवून घ्यायचं आणि मग त्यातून काय निघतं ते बघायचं. १९८९ च्या ऑक्टोबरचं चित्र आणि २०१० च्या मे महिन्याचं चित्र शेजारी ठेवलं, तर सारं खान्देश वाळवंट झाल्यासारखं दिसेल. ऑक्टोबरात कपाशी, ज्वारी, तूर उभी असते. मे महिन्यात काळी माती तोंड वासून पडलेली असते.

हाच फरक आपल्या कामी येतो. केळी शोधायची असेल तर इतर सारं रान उघडं असतं तेव्हा बघा. कपाशीची फरदड ठेवली तरी ती मार्चपर्यंत उपटली जाते. हरभरा, गहू निघालेले असतात. रब्बी मका मात्र एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतो. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतची खिडकी सगळ्यात सोयीची. मेच्या उत्तरार्धात वळवाचे ढग जमू लागतात.

या खिडकीत जे हिरवं दिसेल ते सगळं केळीच असेल असं नाही. ऊस आहे, लिंबू-आंब्याच्या बागा आहेत, उन्हाळी भुईमूग आहे, वाऱ्याला आड म्हणून केळीच्या कडेने लावलेली शेवरी आणि गजराज गवत आहे. म्हणून नकाशाचं नाव "उन्हाळी ओलिताखालचं हिरवं क्षेत्र" असं ठेवा. "केळीचं क्षेत्र" असं थेट लिहिलंत तर पहिलाच शेतकरी तुम्हाला खोटं पाडेल.

दुसरी गोष्ट, एकाच वर्षावर विश्वास टाकू नका. आदल्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला असेल तर विहिरी आटतात आणि हिरवा भाग आक्रसतो. तो दुष्काळाचा परिणाम असतो, बदलाचा नसतो. प्रत्येक काळासाठी लागोपाठची किंवा जवळपासची तीन वर्षं घ्या. जुन्या टोकाची तीन आणि नव्या टोकाची तीन, अशी सहा चित्रं. मधली काही वर्षं विरळ सापडतात, कारण या उपग्रहावर चित्रं साठवून ठेवणारा रेकॉर्डर नव्हता. जमिनीवरच्या केंद्राने त्या क्षणी जे पकडलं तेच उरलं. तीन नाही मिळाली तर दोन घ्या, पण नकाशाखाली तसं लिहा.

तपासणी : पुढे जाण्याआधी एका ओळीत लिहा की कुठलं शिवार, कोणता महिना, कोणती वर्षं, काय मोजायचं. ही ओळ लिहिता येत नसेल तर चित्र उतरवायची वेळ अजून आलेली नाही.

टप्पा ३ : अर्थ एक्सप्लोररवर शोध

१. खात्यात शिरा. नकाशावर आपल्या भागाभोवती चार-पाच बिंदू टिचकवून बहुभुज काढा. नुसतं गावाचं नाव टाकून शोधलं तर त्याच नावाचं दुसऱ्या राज्यातलं गाव निघतं. आपल्याकडे एकाच नावाची गावं थोडी नाहीत.

२. तारीख टाका. तिथे अमेरिकी पद्धत आहे, आधी महिना आणि मग दिवस. ५ एप्रिलसाठी ०४/०५ लिहायचं. उलटं लिहिलं तर ४ मे होतो, आणि शोध मुकाट्याने चुकीची यादी देतो. वर्षांची मर्यादा मोठी ठेवून फक्त एप्रिल आणि मे निवडण्याची सोयही त्याच पानावर आहे. ती वापरा, वेळ वाचतो.

३. डेटा सेट्समध्ये लँडसॅट, त्यात कलेक्शन २ लेव्हल २, आणि त्यात "लँडसॅट ४-५ टीएम" ही खूण करा. लेव्हल १ नको. लेव्हल १ मध्ये वातावरणाचा धुरकटपणा तसाच राहतो. लेव्हल २ मध्ये तो काढून जमिनीची परावर्तनता (पडलेल्या प्रकाशापैकी किती परत फिरला तो हिस्सा) दिलेली असते. दोन काळांची तुलना करायची असल्याने हेच लागतं.

४. ढगांची मर्यादा २० टक्के ठेवा, पण तीच अंतिम मानू नका. तो आकडा अख्ख्या चित्राचा असतो. १५ टक्के ढग सगळे तुमच्याच गावावर बसलेले असू शकतात, आणि ४० टक्के ढगांच्या चित्रातही तुमचं शिवार लख्ख असू शकतं. निकालातलं छोटं चित्र नकाशावर पसरवून डोळ्यांनी बघा.

५. यादीतल्या नावाची सुरुवात वाचा. "एलटी०५" म्हणजे लँडसॅट ५ चा टीएम. "एलटी०४" म्हणजे लँडसॅट ४. "एलई०७" म्हणजे लँडसॅट ७. नावात दोन तारखा असतात. पहिली चित्र घेतल्याची, दुसरी ते प्रक्रिया केल्याची. दुसरीच तारीख नकाशावर छापलेले प्रकल्प मी पाहिले आहेत. १९८९ च्या केळीवर २०२० ची तारीख!

सावध : वर्ष जुळवायच्या नादात २००३ नंतरचं लँडसॅट ७ चं चित्र उचलू नका. ३१ मे २००३ रोजी त्याचा एक भाग बिघडला आणि तेव्हापासूनच्या प्रत्येक चित्रात काळे तिरके पट्टे आहेत, चित्राचा साधारण २२ टक्के भाग कोरा. चित्राच्या मध्यभागी पट्टे जवळजवळ नसतात, त्यामुळे छोट्या झलकेत ते लक्षात येत नाहीत.

टप्पा ४ : उतरवणं आणि फाइली लावणं

सगळं गाठोडं उतरवायची गरज नाही. उत्पादनाच्या पर्यायांत एकेक बँड वेगळा मिळतो. आपल्या कामाला बँड २, ३, ४, ५ आणि "क्यूए पिक्सेल" नावाची फाइल पुरते. अख्खं गाठोडं घेतलंत तर ते टार फाइलमध्ये येतं, आधी उलगडून घ्या.

प्रत्येक तारखेचं वेगळं फोल्डर करा. नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. मूळ फाइली एका "मूळ" फोल्डरात ठेवा आणि त्यांना परत हात लावू नका.

क्यूजीआयएसमध्ये बँड ३ उघडा आणि एखाद्या ठिकाणाची किंमत वाचा.

तपासणी : आकडा साधारण ७,००० ते ४४,००० च्या दरम्यान असला पाहिजे. तो ० ते २५५ मध्ये असेल तर तुम्ही लेव्हल १ उतरवलं आहे. परत टप्पा ३ कडे जा. चित्राच्या कडेबाहेर शून्य दिसेल, ते ठीक आहे.

प्रक्षेपणही (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बघून घ्या. खान्देश पूर्णपणे यूटीएम या पद्धतीच्या झोन ४३ उत्तर मध्ये येतं, त्याचा क्रमांक ३२६४३. प्रकल्पाचं प्रक्षेपण हेच ठेवा. गुगलवरून काढलेली गावाची हद्द अक्षांश-रेखांशाच्या अंशांत असते. ती याच प्रक्षेपणात नव्याने जतन करा. अंशात क्षेत्रफळ मोजून "०.००२ हेक्टर शिवार" काढणारेही भेटले आहेत.

टप्पा ५ : रंग लावून डोळ्यांनी बघा

गणिताआधी चित्र नुसतं बघा. "बिल्ड व्हर्च्युअल रास्टर" मध्ये सगळे बँड घाला, "प्रत्येक फाइल वेगळ्या बँडमध्ये" ही खूण करा, आणि लाल-हिरवा-निळा या जागी ५-४-३ लावा. पीक हिरवं दिसेल, उघडी माती गुलाबी-जांभळट, पाणी काळं-निळं. डोळ्याला हे सगळ्यात लवकर कळतं. ४-३-२ लावलं तर पीक लालभडक दिसतं. पाठ्यपुस्तकांत तेच असतं, पण गावकऱ्यांना दाखवायला ते कामाचं नाही. लाल म्हणजे रोग पडला असं त्यांना वाटतं.

सावध : लेव्हल २ च्या परावर्तनता फाइलींत बँड ६ नसतो. सहाही फाइली एकत्र केल्या की जोडलेल्या चित्राचा (रास्टरचा) सहावा थर म्हणजे खरा बँड ७. आणि तुम्ही फक्त २, ३, ४, ५ जोडले असतील तर पहिला थर म्हणजे बँड २. थराचा क्रमांक आणि बँडचा क्रमांक एकच समजू नका. चिकटवलेली यादी आता वाचा.

लँडसॅट ८ बरोबर तुलना करणार असाल तर सापळा आणखी मोठा आहे. तिथे लाल बँड ४ आहे, निकट अवरक्त ५, आणि लघुतरंग ६ आणि ७. लँडसॅट ५ चं सूत्र जसंच्या तसं लँडसॅट ८ वर चालवलं की लाल आणि हिरव्याचं गणित होतं आणि केळीची बाग उघड्या मातीसारखी निघते.

आता जागा जुळते का बघा. बदलत नाहीत अशी दोन-तीन ठिकाणं धरा. भुसावळचं रेल्वे यार्ड, तापीवरचा रेल्वे पूल, एखाद्या जुन्या तलावाची भिंत. सहाही चित्रांत ती एकावर एक बसली पाहिजेत. एखादं चित्र एक-दोन पिक्सेल सरकलेलं असेल तर ते बाजूला काढा. आपल्या छोट्या शिवारात दोन पिक्सेलची सरक म्हणजे एका शेतकऱ्याची केळी दुसऱ्याच्या वावरात.

टप्पा ६ : मोजपट्टी लावा, मगच एनडीव्हीआय काढा

एनडीव्हीआय म्हणजे बँड ४ आणि बँड ३ वरून काढलेला हिरवाईचा आकडा. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या नकाशात मोजपट्टी न लावण्याचीच चूक असते. फाइलीत जो आकडा आहे तो परावर्तनता नव्हे. ती मिळवायला प्रत्येक बँडला हे लावावं लागतं:

परावर्तनता = (फाइलीतला आकडा × ०.००००२७५) − ०.२

"गुणोत्तरच काढायचं आहे, वर-खाली तोच गुणक, कटेल की" असं वाटतं. गुणक कटतो, वजा केलेले ०.२ कटत नाहीत. हातानेच करून बघा. समजा एका केळीच्या पिक्सेलवर बँड ४ चा आकडा १८,००० आणि बँड ३ चा १०,००० आहे.

मोजपट्टी न लावता: (१८,००० − १०,०००) ÷ (१८,००० + १०,०००) = ०.२९.

मोजपट्टी लावून: बँड ४ होतो ०.२९५, बँड ३ होतो ०.०७५. मग ०.२२० ÷ ०.३७० = ०.५९.

पहिला आकडा बघितला तर विरळ गवत, दुसरा बघितला तर दाट पीक. तेच वावर, तीच केळी. जुन्या चित्रावर पहिलं गणित आणि नव्यावर दुसरं केलं, तर "तीस वर्षांत हिरवाई दुप्पट" हा निष्कर्ष तयार. असा निष्कर्ष रंगीत छपाईत बांधून, वर प्लॅस्टिकचं वेष्टन लावून आलेला मी पाहिला आहे.

रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये क्रम असा ठेवा:

१. बँड ३ आणि बँड ४ ला वरचं सूत्र लावून दोन नव्या फाइली करा.
२. त्या नव्या फाइलींवर (बँड ४ − बँड ३) ÷ (बँड ४ + बँड ३) चालवा.
३. तयार फाइलीचं नाव तारखेसह ठेवा.

कॅल्क्युलेटरमध्ये अंक इंग्रजी लागतात आणि गुणाकाराला तारा. कंसांची जोडी मोजा. कंस विसरला तर सॉफ्टवेअर तक्रार न करता चुकीचं उत्तर देतं.

तपासणी : एनडीव्हीआय −१ ते १ च्या आत हवा. तापीच्या पात्रातलं पाणी शून्याखाली, मेमधली काळी माती साधारण ०.१ ते ०.२, दाट बाग ०.५ च्या वर. हे तीन आकडे तीन ठिकाणी वाचा. एकही बसत नसेल तर बँड उलटे पडले आहेत किंवा मोजपट्टी राहिली आहे.

टप्पा ७ : ढग आणि सावली काढून टाका

"क्यूए पिक्सेल" फाइलीत प्रत्येक ठिपक्याची जात लिहिलेली असते. लँडसॅट ५ साठी ५४४० म्हणजे स्वच्छ जमीन, ५५०४ म्हणजे स्वच्छ पाणी. फाइल या दोन किमतींशी जुळते का असं कॅल्क्युलेटरमध्ये विचारलं की १ आणि ० चा मुखवटा मिळतो. एनडीव्हीआयला त्या मुखवट्याने भागा. शून्याने भागलेल्या जागा रिकाम्या होतात आणि मोजणीत येत नाहीत. गुणलं तर त्या जागी शून्य बसतं आणि ढगाखालची बाग "उघडी जमीन" म्हणून मोजली जाते.

लँडसॅट ८ चे आकडे वेगळे आहेत: २१८२४ आणि २१९५२. तिथे ५४४० टाकलं तर अख्खं चित्र गायब होतं. एका अर्थी ते बरंच, चूक लगेच कळते.

हा मुखवटा शहाणा आहे, पण पूर्ण नाही. तापीची पांढरी वाळू आणि चमकणारे पत्रे यांनाही तो कधीकधी ढग म्हणतो. एप्रिलच्या निरभ्र दिवशी नदीच्या पात्रातच "ढग" दिसले तर काय झालं ते ओळखा.

टप्पा ८ : उंबरठा ठरवा आणि क्षेत्र मोजा

"०.४ च्या वर म्हणजे पीक" असं कुणीतरी लिहिलेलं उचलून लावू नका. उंबरठा, म्हणजे ज्या एनडीव्हीआयच्या वरचं सगळं हिरवं धरायचं तो आकडा, आपल्या रानातून काढा. सुरुवात ०.४५ पासून करा आणि माहितीच्या दहा-पंधरा वावरांवर तपासा. नव्या काळासाठी शेतकऱ्यांना विचारता येतं. जुन्या काळासाठी सातबाऱ्यावरचा गाव नमुना बारा काढा, त्यात त्या वर्षाचं पीक लिहिलेलं असतं. केळीची नोंद असलेले मोठे, सलग गट निवडा. (पीक पाहणी कुठे वावरात झाली आणि कुठे चावडीत बसून, हे गावाला ठाऊक असतं. एका नोंदीवर विसंबू नका.)

नव्याने लावलेली कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) एप्रिलमध्ये जमीन पुरती झाकत नाही. तिचा एनडीव्हीआय कमी येतो आणि ती उंबरठ्याखाली जाते. त्याला इलाज नाही, पण सहाही चित्रांना उंबरठा तोच ठेवलात तर तुलना न्याय्य राहते. दर चित्राला सोयीचा उंबरठा लावणं म्हणजे तराजूचं माप दर गिऱ्हाइकाला बदलणं.

मग "क्लिप रास्टर बाय मास्क लेयर" ने शिवाराची हद्द कापा, उंबरठ्यावरचं १ आणि खालचं ० करा, आणि "युनिक व्हॅल्यूज रिपोर्ट" चालवा. समजा १ चे पिक्सेल १२,४०० निघाले. गुणिले ९०० म्हणजे १,११,६०,००० चौरस मीटर, म्हणजे १,११६ हेक्टर, म्हणजे साधारण २,७५८ एकर.

ढगांमुळे रिकामे झालेले पिक्सेलही मोजा. जुन्या चित्रात शिवाराचा दहावा भाग रिकामा असेल आणि नव्यात काहीच नसेल, तर एकरांची थेट तुलना चूक. तेव्हा दिसलेल्या भागातलं टक्केवारीचं प्रमाण द्या.

नव्या टोकाला लँडसॅट ८ वापरला असेल तर एक काळजी. त्याचा निकट अवरक्त बँड अरुंद आहे, त्यामुळे त्याच पिकाला आकडा थोडा वेगळा येतो. एनडीव्हीआयमधला ०.०५ पर्यंतचा फरक मी बदल म्हणून मोजतच नाही. शक्य असेल तर दोन्ही टोकं लँडसॅट ५ चीच ठेवा. १९८० च्या दशकापासून २०११ पर्यंत एकच कॅमेरा चालू होता, हा या संग्रहाचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

पाण्यासाठी काय बदलायचं

एनडीव्हीआयच्या जागी हिरवा आणि लघुतरंग बँड घ्या: (बँड २ − बँड ५) ÷ (बँड २ + बँड ५). मोजपट्टी इथेही आधी लावायची. शून्याच्या वर ते साधारण पाणी.

हतनूरवर मी स्वतः आपटलो आहे. ऑगस्टमधलं एक दुर्मीळ निरभ्र चित्र सापडलं, त्याची आदल्या काळच्या ऑक्टोबरच्या चित्राशी तुलना केली, आणि गाळाने धरण किती भरलं याचा टिपणवजा नकाशा ऐटीत तयार केला. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या काकांनी तो बघितला आणि एकच विचारलं, "त्या दिवशी दरवाजे उघडे होते का?" ४१ दरवाज्यांचं धरण. पावसाळ्यात पूर वाहू देण्यासाठी पातळी खाली ठेवतात आणि पावसाळा सरताना भरून घेतात. माझा गाळ म्हणजे उघडे दरवाजे होते. तेव्हापासून धरणाचं चित्र घेताना त्या तारखेची पाणीपातळी आधी शोधतो.

चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमाकडच्या फुगवट्यात दुसरी अडचण येते. उथळ काठावर पाणवनस्पती पसरली की उपग्रहाला ते पाणी नव्हे, पीक वाटतं. तिथे एनडीव्हीआय आणि पाण्याचा नकाशा शेजारी ठेवून बघावं लागतं.

तापमानासाठी

औष्णिक थराची मोजपट्टी वेगळी आहे: (आकडा × ०.००३४१८०२) + १४९, उत्तर केल्विनमध्ये. त्यातून २७३.१५ वजा केलं की सेल्सिअस. ५०,००० आकड्याला जवळपास ४६.७ अंश येतात. हे सकाळी दहाच्या सुमारास तापलेल्या मातीचं तापमान आहे. भुसावळचा पारा म्हणून वर्तमानपत्रात छापतात तो हवेचा असतो. दोन्हींची तुलना करून "उपग्रह चुकीचा" म्हणू नका. फाइल ३० मीटरची दिसली तरी मूळ पिक्सेल १२० मीटरचा, म्हणजे साडेतीन एकरांचा. दोन एकरांची बाग आजूबाजूच्या रानापेक्षा किती गार आहे हे त्यातून निघत नाही. सलग पन्नास एकरांचा केळीचा पट्टा मात्र छान थंड दिसतो.

टप्पा ९ : नकाशाखाली काय लिहायचं

उपग्रह आणि कॅमेऱ्याचं नाव, चित्र घेतल्याची तारीख (नावातली पहिली), लेव्हल २ वापरल्याचा उल्लेख, पट्टा आणि ओळीचा (पाथ आणि रो) क्रमांक, उंबरठा, ढगांमुळे रिकामा राहिलेला भाग, आणि आदल्या पावसाळ्याची स्थिती. शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात. दुष्काळी वर्षानंतरचा उन्हाळा असेल तर ती नसताना बाकी सगळा नकाशा दिशाभूल करतो.

रंग ठरवताना हिरव्याच्या सात छटा लावू नका. हिरवं, उघडं, पाणी आणि "माहिती नाही" असे चार पुरेत. "माहिती नाही" ला राखाडी द्या, पांढरा नको. पांढरा भाग लोकांना पडीक जमीन वाटतो.

छापून गावात न्यायच्या आधी त्यावर गावठाण, नाला, मुख्य रस्ता आणि एखादी ठळक विहीर हाताने टिंबं देऊन लावा. या चित्रात विहीर दिसत नाही. पण माणसं आपलं वावर विहिरीवरूनच शोधतात.